पेठ तशीच राहिली, स्टेशनाचं गाव वाढलं: असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाव कोरेगाव तालुक्यातलं. वेशीचा दरवाजा अजून उभा, हेमाडपंती देऊळ, दोन पडके वाडे. एके काळी इथं तीन हजार उंबरा होता, असं आजोबा सांगायचे. आज माणसं अकराशे. चार किलोमीटरवर रेल्वे स्टेशनाजवळचं गाव, ज्याला ना वेस ना वाडा, ते मात्र नऊ हजारांवर गेलंय. यात्रेच्या स्मरणिकेत लेख द्यायचाय आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय, की जुन्या काळी गावं वाढायची ती कशाने: नदीने, काळ्या जमिनीने, राजाश्रयाने की बाजाराने?

मी कराडकडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात बी. ए.ची मुलं घेऊन एखाद्या गावात आठ-दहा दिवस राहायचं, घरटी माहिती घ्यायची, जुनं दप्तर चाळायचं, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. निवृत्त झाल्यावर मोडी शिकले. मी काही इतिहासकार नव्हे, गावं मोजणारी बाई आहे. उत्तरही त्याच अंगाने देते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवायला हवेत. सगळ्या मुलखातली माणसं कधी आणि का वाढली, हा एक. आणि एकाच मुलखात, एकाच पावसाखाली, एक गाव वाढलं नि शेजारचं थांबलं ते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जन्म-मृत्यूत सापडतं. दुसऱ्याचं तिथं जवळजवळ कधीच सापडत नाही, कारण जुन्या काळी सगळ्याच गावांत पोरं सारखीच व्हायची. रहिमतपुरातल्या बाईला आठ आणि शेजारच्या वाडीतल्या बाईला तीन, असं काही नव्हतं. लग्नाचं वय तेच, बाळंतपणातले धोके तेच, देवी नि पटकी तीच. फरक पडायचा तो दोन गोष्टींत: गावातला माणूस वाईट वर्षात उठून गेला की टिकला, आणि वाटेवरचा परका मुक्कामाला थांबला तो तिथलाच झाला का. माझ्या अनुभवात गाव वाढतं ते या मुक्कामावर.

पहिला प्रश्न आधी उरकते. दरसाल शेकडा एक या गतीने वस्ती वाढली तर ती दुप्पट व्हायला साधारण सत्तर वर्षं लागतात. अर्धा टक्का धरला तर एकशेचाळीस. आणि पूर्वी अर्धा टक्कासुद्धा सलग टिकत नसे. चार चांगली वर्षं यायची, घरात दोन पोरं जगायची, की एखादा दुष्काळ सगळं धुऊन न्यायचा. आपल्या भागात १८७६-७८चा दुष्काळ मोठा. मग १८९६-९७चा, तो सरतोय तोवर १८९९-१९००चा, आणि याच काळात मुंबईहून आलेला प्लेग. त्यावर कळस १९१८च्या मानमोडीने चढवला. इन्फ्लुएन्झाचं हे नाव आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अगदी कालपरवापर्यंत घ्यायच्या. ‘मानमोडीच्या साली माझी आई तान्ही होती’ असा वयाचा हिशेब मी स्वतः ऐकलाय. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ला लोकसंख्या २५.२१ कोटी होती, १९२१ला ती २५.१३ कोटी भरली. दहा वर्षांत वाढ सोडाच, घटच. जन्म कमी झाले नव्हते, मरण वाढलं होतं.

१९२१ नंतर चित्र पालटलं आणि तेही मरण कमी झाल्यामुळे. दुष्काळात धान्य रेल्वेने हलू लागलं, देवीची लस पोचली, पुढे मलेरियावर फवारणी आली, विहिरीत पोटॅश पडू लागलं. जन्मदर बराच नंतर उतरला. मधल्या काळात सगळीच गावं फुगली. तुमचं गावही तेव्हा वाढलंच असणार. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिका काढून बघा. म्हणून ‘आमचं गाव का वाढलं नाही’ यापेक्षा ‘वाढलेली माणसं गेली कुठे’ असं विचारलंत तर हाती काही लागेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. खरी गंमत तिथंच आहे.

आज आपल्याला वाटतं जमीन कमी, माणसं फार. सतराव्या-अठराव्या शतकात हिशेब उलटा होता. पडीक जमीन हवी तेवढी, कसायला माणूस नाही. औरंगजेबाच्या मोहिमांनी हा सगळा मुलूख पिंजून काढला होता. १७०० साली साताऱ्याचा किल्ला पडला तोवर भोवतालची किती गावं उठली असतील याची कल्पना करा. महसुली कागदात अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. शिवार आहे, सीमा आहे, सरकारी यादीत नाव आहे, पण राहायला कुणी नाही. काही बेचिराख गावं आजही यादीत आहेत.

अशा वेळी गाव वसवायचं म्हणजे माणसं ओढून आणायची. त्यासाठी कौल, म्हणजे सवलतींचं लेखी आश्वासन, दिला जाई. पडीक जमीन लावणाऱ्याला इस्ताव्याने सारा ठरायचा: पहिल्या वर्षी नावापुरता, पुढे दरसाल थोडा थोडा चढत जाऊन काही वर्षांनी पुरा. पेठ वसवायची असेल तर बाजार सांभाळणारे शेटे-महाजन नेमायचे, दुकानदाराला काही वर्षं मोहतर्फा (धंद्यावरचा कर) माफ, मालावर जकातीची सूट. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणारा, आपल्या वतनाला चिकटून राहायचा, पण उपरी, म्हणजे बाहेरून आलेल्या, कुळाला तसं बंधन नव्हतं. पलीकडच्या पाटलाने बरा कौल दिला की उपरी बैल जुंपून चालू लागायचा. गावं माणसांसाठी एकमेकांशी चढाओढ करत होती म्हणा ना. पळून गेलेल्या कुळांना समजावून परत आणणं हे पाटलाचं मोठंच काम असे. तुमच्या गावात ‘आम्ही मूळचे इथले नाही, अमुक गावाहून आलो’ असं सांगणारी भावकी असेलच. ती कुणाच्या कौलावर आली हे कळलं तर लेखाचा एक आख्खा भाग तयार होईल.

पण कौलाने माणूस येतो; राहतो तो दुसऱ्या कशाने तरी. मुदत संपली, पुरा सारा भरावा लागला, की आलेली माणसं पुढच्या कौलाकडे निघून जायची. जिथं ती टिकली तिथं शेतीपलीकडची रोजी होती. नुसत्या शेतकऱ्यांच्या गावाला एक मर्यादा असते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुत्यावर जगायचे, आणि शंभर-सव्वाशे घरांचं गाव एक-दोन सुतारांना बलुतं घालू शकतं, पाचांना नाही. म्हणजे सुताराला चार मुलगे झाले तर तिघांना गाव सोडावं लागणार. तेच तिघं बाजाराच्या गावात गेले की त्यांना बलुत्याची गरज नाही. ते गाड्या करून विकतील. कासार, तांबट, साळी, कोष्टी, तेली, सराफ यांचं पोट एका गावावर भरत नाही, त्यांना पंचवीस-तीस गावांचं गिऱ्हाईक लागतं. ते जिथं बसले ते गाव वाढलं.

मग बाजार कुठे बसतो? इथं राजाची मर्जी थोडी आणि बैलाची जास्त चालते. लादलेली गाडी दिवसाकाठी सात-आठ कोस जाईल, त्याहून फार नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतायची तर बाजार तिच्यापासून अडीच-तीन कोसांच्या आत हवा. मी मुलांकडून एक काम नेहमी करून घ्यायची: तालुक्याचा नकाशा घ्या आणि जिथं आठवडी बाजार भरतो त्या प्रत्येक गावापुढे वार लिहा. शेजारशेजारच्या बाजारांचे वार वेगळे निघतात, कारण व्यापारी तोच, तो घोड्यावर किंवा गाडीत माल घालून रोज नव्या गावी जायचा. या साखळीत एखादं गाव असं असतं की जिथं व्यापाऱ्याला रात्र काढावीच लागते. नदीला उतार नाही म्हणून, घाट चढायच्या आधी बैलांना विसावा हवा म्हणून, दोन वाटा मिळतात म्हणून. त्या गावात धर्मशाळा होते, पाणपोई होते, नालबंद बसतो, दोन वखारी होतात. कोकणातून कुंभार्ली घाट चढून आलेलं मीठ, खोबरं, सुकी मासळी आणि इकडून उतरणारं धान्य, गूळ, मिरची ही सगळी ये-जा कोयनेच्या खोऱ्यातून कराडच्या बाजूला व्हायची. पाटण तालुक्यातल्या मल्हारपेठेच्या नावातच पेठ का आहे ते त्या रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. खुद्द कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर. संगम पवित्र असतो हे खरं, पण संगमावर तीन बाजूंच्या वाटा येऊन मिळतात हेही खरं आहे. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांत कराडचं जुनं नाव कोरलेलं सापडतं. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांकडे इतक्या दूर दान देण्याइतका पैसा होता, तो नुसत्या जोंधळ्यावर आला नसावा.

सांगलीचं उदाहरण माझ्या आवडीचं, कारण तिथं वसण्याच्या पायऱ्या नावांतच दिसतात. चिंतामणराव पटवर्धन १८०१ साली मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. त्याआधी ते कृष्णाकाठचं लहान गाव. (सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, ही व्युत्पत्ती लोक हौसेने सांगतात; मला ती गोड वाटते, पटत नाही.) आज शहरात फिरा: गावभाग म्हणजे मूळ गाव, पेठभाग म्हणजे मुद्दाम वसवलेला, वखारभाग म्हणजे माल साठवायचा. आधी गाव, मग पेठ, मग वखार. गणपतीचं देऊळ आणि गणेशदुर्ग हे संस्थानिकाने बांधलं, पण संस्थान विलीन झाल्यावरही सांगली आटली नाही ती हळदीमुळे. जवळच हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. माल टिकवता येतो म्हटल्यावर भाव वाढेपर्यंत थांबता येतं. त्यामुळे दूरदूरचा माल सांगलीला येऊ लागला, त्यामागे अडते, हमाल, तोलार, गाडीवान आले, सावकार आले. हळद पिकवणारी गावं पुष्कळ होती. शहर झालं ते साठवणाऱ्या गावाचं.

आता राजाश्रय. तुमचा सगळा जीव दोन पडक्या वाड्यांत अडकलाय असं पत्रावरून वाटलं, म्हणून यावर जरा थांबते.

राजाश्रयाने गाव झपाट्याने वाढतं यात शंका नाही. १७०८ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर उभं राहिलं. चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ, मल्हार, भवानी, वारांच्या नावाच्या पेठा: प्रत्येक पेठेमागे कुणी तरी वसवणारा आहे. सरदार आला की त्याच्या मागे कारकून, शागीर्द, मोतद्दार, आचारी, भटजी, शिंपी, सोनार. एका वाड्यामागे पन्नास-शंभर पोटं. पण ही पोटं वाड्याला बांधलेली. धनी गेला की तीही जातात. १७४९ला शाहू महाराज गेले आणि सत्तेचा मुक्काम पुण्याला हलला. १८४८ला तर संस्थानच खालसा झालं. तरी सातारा का टिकलं? कारण राजवाड्याच्या जागी कचेरी आली. जिल्ह्याचं ठाणं म्हणून कोर्ट, कलेक्टर, छावणी, शाळा. मालक बदलला, पण कामासाठी शहरात यावं लागणारी माणसं येतच राहिली आणि त्यांना एक रात्र काढावीच लागायची.

शेजारी शेजारी ठेवून बघायची तर औंध आणि किर्लोस्करवाडी बघा. दोन्हीमागे एकच संस्थानिक, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध ही राजधानी: यमाईचं देऊळ, राजवाडा, १९३८चं संग्रहालय, शिकलेला आणि कलेची जाण असलेला राजा. याच राजाने १९१०मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ कारखान्यासाठी दिला. आज औंधला लोक संग्रहालय आणि यमाई बघायला जातात नि संध्याकाळी परततात. गाव छान आहे, पण गावच आहे. संस्थान १९४८ला विलीन झालं, तालुक्याची कचेरी वडूजला, रेल्वे लांब. माळावरच्या किर्लोस्करवाडीत मात्र गेली शंभर वर्षं भोंगा वाजतोय. आणि आणखी एक बारकावा: कारखान्याची वसाहत स्वतः एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण तिथलं घर नोकरीसोबत मिळतं आणि नोकरीसोबत जातं. वाढली ती शेजारची रामानंदनगर, पलूस. ज्याला दुकान टाकायचंय, स्वतःचं घर बांधायचंय, तो कुंपणाबाहेर जातो. तुमच्या शेजारच्या गावातही वाढ जुन्या गावठाणात आहे की स्टेशन रोडला, ते बघा. मी पैज लावते, स्टेशन रोडलाच असेल.

रेल्वेबद्दल फार लांबण लावत नाही. पुणे-मिरज लोहमार्ग १८९०च्या सुमारास पुरा झाला आणि तो साताऱ्याला, वाईला, कराडच्या गावठाणाला वळसा घालून, पूर्वेकडून तुमच्या कोरेगावातून गेला. त्या एका निर्णयाने शंभर वर्षांची उलथापालथ झाली. महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक वाठारला उतरायचे, तिथून टांग्याने वर. म्हणून ‘वाठार स्टेशन’ हे गावाचंच नाव होऊन बसलं. लोणंद कांद्याचा बाजार झालं. कराडचं स्टेशन गावापासून लांब पडलं, तर त्या स्टेशनाशेजारी काचकारखाना येऊन ओगलेवाडी वसली, प्रभाकर कंदीलवाल्यांची. मिरजेत तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही रूळ येऊन मिळायचे. गाडी बदलायची म्हणजे मुक्काम आलाच. त्यात वानलेस डॉक्टरांनी मिशनचं हॉस्पिटल नावारूपाला आणलं, आणि पेशंटसोबत येणारे दोन नातेवाईक म्हणजे खानावळ, लॉज, औषधाचं दुकान. मात्र रेल्वेने प्रत्येक जुनं गाव मारलं असंही म्हणू नका. वाईला आजतागायत रूळ नाहीत. तरी घाट, देवळं, वेदपाठशाळा, महाबळेश्वरच्या पायथ्याची बाजारपेठ यांवर वाई उभी राहिली.

जमीन आणि पाणी याबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून मी कमी बोलते. काळी जमीन नि नदी असली की गाव मरत नाही, हे नक्की. ते वाढतंच असं मात्र नाही. कृष्णाकाठची कितीतरी सुपीक गावं आहेत जिथं पाचशे वर्षं पाटील-कुलकर्णी नांदले नि वस्ती तेवढीच राहिली, उलट पुरामुळे वरच्या टेकाडावर घरं हलवावी लागली. विहिरीवर मोट चालवून दोन-चार एकर बागायत होई. पाण्याने मोठा फरक पडला तो कालव्यांनी, उपसा सिंचनाने आणि सहकारी साखर कारखान्यांनी, म्हणजे बऱ्याच अलीकडे. तिथंही उसाने वस्ती वाढवली त्याहून जास्त कारखान्याच्या चौकाने वाढवली.

आता ‘वाढलेली माणसं गेली कुठे’. २०११च्या जनगणनेत सातारा जिल्हा ३०,०३,७४१. दहा वर्षांतली वाढ सात टक्क्यांच्या आत, सांगलीची नऊच्या थोडी वर, आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. सातारच्या माणसाला पोरं कमी झाली हे एक कारण, पण सातारा जन्म देतो आणि मुंबई-पुणे मोजतात, हे त्याहून मोठं. हे ताडून बघायचं असेल तर स्त्री-पुरुष प्रमाण बघा. राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ बायका, साताऱ्यात ९८८. बायका जास्त जन्मल्या म्हणून नाही. पुरुष बाहेर आहेत. जावळी-पाटणचे माथाडी, गिरणीतले मुंबईकर, फौजेत गेलेले. अपशिंग्याला अपशिंगे मिलिटरी हे नाव उगाच नाही पडलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. माझ्या माहेरच्या खानापूर तालुक्यात गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी विटा-आटपाडीकडची पोरं तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेली. गावात तीनमजली संगमरवरी घरं आणि त्यांना कुलपं. पैशाने गाव वाढलं, माणसांनी नाही. यात्रेला दहा हजार, एरवी हजार. तुमच्या गावातही यात्रेदिवशी मोजून बघा आणि आठवड्याने पुन्हा मोजा.

आता आजोबांच्या तीन हजार उंबऱ्यांकडे वळते. रागावू नका, पण मला ते जुळत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा घ्या आणि जुन्या पांढरीचं, म्हणजे घरं असलेल्या जागेचं, क्षेत्र काढा. आम्ही मोजलेल्या जुन्या गावठाणांत गोठे, उकिरडे, बोळ धरून एकरी वीस-पंचवीस घरांपलीकडे दाटी मिळाली नाही. तुमची पांढरी बारा एकर असेल तर तीनशे घरं, घरटी पाच माणसं धरून दीड हजार वस्ती. हीसुद्धा त्या काळची चांगली पेठच म्हणायची. आजोबा खोटं बोलत नव्हते. ‘तीन हजार उंबरा’ हे कधी कधी सगळ्या वाड्यांसकट असतं, कधी पाटीलकीच्या सगळ्या गावांचं मिळून असतं. आणि कधी तीन हजार माणसांचा दोन पिढ्यांत उंबरा होतो.

इथं माझी स्वतःची एक फजिती सांगते. माझ्या माहेरच्या बाजूच्या एका गावाच्या स्मरणिकेत मी ठामपणे लिहिलं होतं की दुष्काळाने गाव निम्मं झालं. आकडे समोर होते: एका जनगणनेत चौदाशे, पुढच्या एकीत सातशे. लेख छापून झाल्यावर एका म्हाताऱ्या कोतवालाने हसत विचारलं, ‘बाई, वाडी कुठं गेली?’ मधल्या काळात वाडी वेगळं महसुली गाव झाली होती. माणसं जागच्या जागी होती, मोजणाऱ्यानं रेघ हलवली होती. तेव्हापासून आकडा दिसला की मी आधी सीमा विचारते. सातारा शहराची २०११ची १,२०,१९५ ही संख्या बघून लोक म्हणतात शहर थांबलं. शाहूपुरी-विलासपूरची घरं तेव्हा हद्दीबाहेर होती, ती २०२०ला आत आली. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ला एक महापालिका झाली. त्याआधीचे नि नंतरचे आकडे एका रेषेत मांडले तर वाटेल एका रात्रीत स्फोट झाला.

असाच आणखी एक चकवा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मिळतो, जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. फार मोलाची गोष्ट, पण तिच्यातले जन्म मोजून गावाची वाढ काढू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं! वहीत दिसणारी बरीच बाळं सव्वा महिन्यांनी आईबरोबर तिच्या सासरी गेलेली असतात. मृत्यूंच्या नोंदी मात्र बऱ्याच भरवशाच्या, आणि प्लेगची सालं त्यांत पानभर दिसतात. प्लेगात गाव उठून माळावर झोपड्यांत जायचं. काही घरं परत फिरलीच नाहीत, तिथंच मळ्यात वस्ती झाली. तुमच्याकडे ‘माळवाडी’ किंवा नुसतंच ‘वस्ती’ नावाचं काही असेल तर तिची सुरुवात प्लेगाशी जुळते का ते तपासा. १९३१पर्यंतची खानेसुमारी एका रात्रीत व्हायची हेही ध्यानात ठेवा. त्या रात्री गावात बैलबाजार असेल तर परक्यांचीही गणती झालेली असू शकते.

तुमच्या गावाबद्दल, न बघता, माझा अंदाज असा. अठराव्या शतकात कुणा सरदाराच्या आसऱ्याने पेठ वसली असावी, वाट आणि आठवडी बाजार यांनी ती शंभर-दीडशे वर्षं चालली असावी. मग रूळ चार किलोमीटरवरून गेले आणि व्यापाऱ्याची रात्र तिकडे सरकली. बाजार गेला की कासार गेला, सराफ गेला, मग शिकलेली घरं सातारा-पुण्याला गेली. शेतकरी राहिला. एक ओढ्यावरचा पूल, एक तालुक्याची कचेरी, एक भांडखोर भावकी, यांतलं काहीही हा अंदाज चुकवू शकतं, म्हणून हे जसंच्या तसं स्मरणिकेत घालू नका.

घालण्याआधी तीन-चार कामं करा. १८८५च्या सातारा जिल्हा गॅझेटिअरात तुमच्या गावाचा उल्लेख आणि बाजाराचा वार आहे का बघा. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या पाच-सहा बायकांना विचारा की त्या लहानपणी बांगड्या भरायला कुठे जायच्या. पुरुष तुम्हाला लढाया सांगतील, बायका बाजार सांगतील. हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा, अजून तुमच्या बाजूला येत असेल तर त्याला चहा पाजून भावकीची वही वाचून घ्या, कोण कुठून आलं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. आणि गावात आडनावं किती आहेत ते मोजा. दोन-तीनच आडनावांचं गाव हे बहुतेक शेतकऱ्यांचं गाव असतं. पंचवीस आडनावं आणि त्यांत दोन रिकामी कासारांची घरं निघाली, तर तिथं नक्की पेठ होती.

बाजाराचा वार कळला की मला जरूर कळवा. शेजारच्या गावाचा वारही सोबत लिहा; दोन्ही एकच निघाले तर तुमचाच बाजार उचलून तिकडे नेला, असं धरायला हरकत नाही.